बॉम्बे बीचला एकटीनं, एका दिवसासाठी, कॅमेरा घेऊन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही लॉस एंजेलिसमध्ये राहता. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी एकटीनं गाडी काढून सॉल्टन सी या खाऱ्या तळ्याच्या काठावरच्या बॉम्बे बीच या गावाला जायचंय, फोटो काढून त्याच दिवशी परतायचंय. जवळ फुलफ्रेम कॅमेरा, २४-७० लेन्स आणि हलका ट्रायपॉड आहे. त्याच दिवसात सॅल्व्हेशन माउंटन, स्लॅब सिटी आणि वाटेतलं केळ्यांचं म्युझियम बसेल का, आणि एकटीनं जाणं कितपत सुरक्षित, हे तुम्हाला हवंय.

मी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात बरीच वर्षं फोटो काढतेय आणि बॉम्बे बीचला पुन्हा पुन्हा जाते. माझं मत आधीच सांगून टाकते. बाकीची सगळी ठिकाणं यादीतून काढा आणि अख्खा दिवस या एका गावाला द्या. अंतराचा प्रश्न नाही. सॅल्व्हेशन माउंटन तिथून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर आहे, आणि लेनर्ड नाइट या माणसानं माती, गवत आणि रंग यांतून उभी केलेली ती टेकडी पाहण्यासारखी आहेच. पण ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. बॉम्बे बीचला येणारे बहुतेक लोक तासाभरात झोपाळा, गंजक्या गाड्या आणि टीव्हीचा ढीग टिपून पुढे जातात, म्हणून सगळ्यांचे फोटो सारखे दिसतात. या गावाची खरी गोष्ट पाण्याची आहे. पाणी कुठवर आलं होतं आणि आता कुठे गेलंय, हे नजरेत बसायलाच दोनतीन तास लागतात. ते एकदा बसलं की झोपाळ्याचा फोटोसुद्धा तुम्ही वेगळा काढाल.

तर पाण्याबद्दल. १९०५ साली कोलोरॅडो नदीचं पाणी शेतीसाठी वळवायला केलेला काप पुरानं फुटला आणि जवळजवळ पूर्ण नदी सॉल्टनच्या खोलगट भागात शिरली. सदर्न पॅसिफिक रेल्वेनं दगडमातीच्या गाड्याच्या गाड्या रिकाम्या करून १९०७ मध्ये ते खिंडार बुजवलं, तोवर समुद्रसपाटीच्या बऱ्याच खाली एक प्रचंड तळं तयार झालं होतं. त्याला बाहेर जायला वाट नाही. इम्पीरियल आणि कोचेला खोऱ्यांतल्या शेतांचं वाहून आलेलं पाणी आत येतं, ऊन ते उडवतं, मीठ मागे राहतं. १९५० आणि ६० च्या दशकांत इथे मासेमारी, बोटी आणि वॉटर स्कीइंगसाठी गर्दी लोटायची, बॉम्बे बीच तेव्हा सुट्टीचं ठिकाण होतं. मग १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं उष्णकटिबंधीय वादळं आली, पाणी चढलं आणि काठावरच्या गल्ल्या बुडाल्या. उरलेलं गाव वाचवायला मातीचा बांध घातला गेला.

आता उलटं झालंय. २००३ च्या करारानुसार इम्पीरियल खोऱ्यातलं बरंच पाणी शेतांऐवजी सॅन दिएगोसारख्या शहरांकडे जाऊ लागलं. तळ्याची घट भरून काढायला सोडलं जाणारं पाणी २०१७ च्या अखेरीस थांबलं, आणि काठ झपाट्यानं मागे सरकला. खारटपणा समुद्राच्या जवळपास दुप्पट झालाय. एकेकाळी इथे मुबलक असलेला तिलापिया मासा जवळपास नाहीसा झाला आणि त्याच्यावर जगणारे पेलिकनही कमी झाले.

हे सगळं सांगण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. तुमचा पहिला फोटो गावात काढू नका, बांधावर चढा. एका बाजूला तुमच्या पायांच्या खाली गाव दिसेल: ए ते एच अशी अक्षरांची नावं असलेले रस्ते, ट्रेलर घरं, विजेचे खांब. दुसऱ्या बाजूला पांढरट, भेगाळलेली रिकामी जमीन आणि तिच्या पलीकडे पाण्याची रेघ. पाण्यापासून वाचायला घातलेला बांध, आणि पाणीच दूर निघून गेलेलं. बॉम्बे बीचचा एकच फोटो काढायची परवानगी असती तर मी तो इथूनच काढला असता. २४ मिमीवर बांध फ्रेमच्या मधोमध आला की दोन्ही बाजू एकाच चित्रात मावतात. बांधावरून चालत राहा आणि मागे वळून पाहत राहा, दर शंभरएक पावलांवर दोन्ही बाजूंची मांडणी बदलते.

आता वेळ. फेब्रुवारी उत्तम आहे. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि एकटीनं फोटो काढत हिंडण्याचा विचारही करू नये. फेब्रुवारीच्या मध्याला मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे सावल्या दिवसभर तिरप्या आणि लांब राहतात. वाळवंटात दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवायचा, हा नियम इथे त्या महिन्यात लागू होत नाही.

लॉस एंजेलिसहून आय-१० महामार्गानं इंडिओ, मग हायवे १११ नं मेक्का आणि तळ्याच्या पूर्व काठानं खाली, असा साधारण तीन तासांचा रस्ता आहे. आठला निघालात तर अकरा-साडेअकरापर्यंत पोचाल. इंडिओ किंवा मेक्काला टाकी पूर्ण भरा, खाणंपिणं आणि बाकी सोय उरकून घ्या. गावात पेट्रोल मिळत नाही. दुपार गावातल्या गल्ल्यांत घालवा, साडेतीनच्या सुमारास बांधापलीकडे उतरा आणि सूर्यास्तानंतर किमान अर्धा तास तिथेच थांबा. सूर्यास्त साडेपाचच्या आसपास असतो, पण पलीकडच्या काठामागे सांता रोसा पर्वतरांग आहे, त्यामुळे ऊन काही मिनिटं आधीच जातं. घड्याळावर विसंबून उशिरा काठावर पोचणारे हमखास तेवढ्यासाठी चुकतात.

गाव तळ्याच्या ईशान्य बाजूला असल्यानं संध्याकाळचा सूर्य पाण्यावर उतरतो, आणि म्हणून सगळे संध्याकाळीच येतात. सकाळ वेगळी असते. तेव्हा सूर्य तुमच्या पाठीमागून, चॉकलेट पर्वतांवरून येतो, समोरची सांता रोसाची रांग आधी गुलाबी आणि मग पिवळी होते, आणि बहुतेक वेळा वारा पडलेला असल्यानं पाणी आरशासारखं असतं. दुपारनंतर वारा उठतो आणि तो आरसा मोडतो. जमत असेल तर शुक्रवारी रात्री इंडिओत मुक्काम करा आणि पहाटे पोचा. एकटीनं अंधारात तीन तास गाडी चालवत परतणंही त्यामुळे टळतं. थकलेल्या डोळ्यांनी आय-१० वर येणं हा मला या सहलीतला सगळ्यात मोठा धोका वाटतो, गावापेक्षा कितीतरी मोठा.

काठावरची जमीन नीट समजून घ्या. दुरून पांढरी वाळू वाटते, जवळ गेलं की ती मुख्यतः बार्नेकल या छोट्या जलचरांच्या कवचांची आणि माशांच्या हाडांची असते, पायाखाली करकरते. पुढे पाण्याजवळ मिठाची कडक साय असते आणि तिच्याखाली काळा, चिकट चिखल. वरून ती घट्टच वाटते, म्हणून ओलसर गडद पट्टा दिसला की थांबा. आधीच्या पावलांचे ठसे कुठवर गेलेत आणि किती खोल रुतलेत ते बघा. गाडी बांधापलीकडे अजिबात नेऊ नका, तिथे चाकांचे माग दिसले तरी नाही. रुतलेली गाडी ओढायला माणूस दूरवरून बोलवावा लागतो आणि तोवर तुमचा उजेड संपलेला असतो.

या पांढऱ्या जमिनीमुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. कॅमेरा तिला करडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजरला +०.७ ते +१ पर्यंत भरपाई द्या आणि हिस्टोग्रामची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची, उजवी कड पाहत राहा. सूर्य फ्रेममध्ये असेल तेव्हा उलट करा. आकाशासाठी एक्स्पोज करा आणि झोपाळा, खांब, माणूस यांना काळी आकृती होऊ द्या. पोलरायझर फिल्टर जवळ असू द्या पण सांभाळून वापरा. ओल्या चिखलाची चकाकी हेच तिथलं सौंदर्य आहे आणि तो नेमकी तीच पुसतो. मी तो फक्त दुपारी, गंजलेल्या पत्र्यांवर लावते. तिथे रंग खरोखर गडद होतात.

लेन्सबद्दल. २४-७० पुरेशी आहे. एक जास्तीची भाड्यानं घेता आली तर ७०-२०० घ्या, अतिवाइड नको. या गावात वाइड लेन्सनं सगळं लहान आणि रिकामं दिसतं. लांब लेन्सनं समोरचे पर्वत पुढे ओढले जातात आणि एक ट्रेलर, त्यामागे पाणी, त्यामागे निळी रांग असे थर एकावर एक बसतात. हायवेला समांतर रेल्वेमार्ग आहे. कंटेनर लादलेल्या मालगाड्या संथ वाकणावर आल्या की २०० मिमीवर सुरेख दिसतात. फोटो मात्र रस्त्याच्या बाजूनं काढा, रुळांवर जाणं बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही.

कलाकृतींचं सांगायचं तर २०१६ पासून इथे वसंतात ‘बॉम्बे बीच बिएनाले’ हे कलाप्रदर्शन भरतं. नाव द्वैवार्षिकाचं, पण भरतं जवळपास दरवर्षी. त्यासाठी आलेल्या आणि पुढे इथेच राहिलेल्या कलावंतांनी पडक्या घरांत आणि काठावर कामं उभी केली. पांढऱ्या ट्रेलरच्या पडद्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या भंगार गाड्यांचं ड्राइव्ह-इन, एका छोट्या घरातलं ऑपेरा हाऊस, नाक जमिनीत खुपसून शेपटीकडे फुललेलं लढाऊ विमान, पाण्यातला झोपाळा. यांतलं काय कधी जागेवर असेल याची खात्री देता येत नाही. मीठ, वारा आणि ऊन कुठलीच वस्तू फार टिकू देत नाहीत, आणि पाणी सरकल्यानं पाण्यात उभं केलेलं काम कोरड्यावरही सापडतं. म्हणून एखादा ठराविक फोटो डोक्यात धरून जाऊ नका. मोडकळीला आलेलं काम मला कित्येकदा नव्यापेक्षा जास्त बोलकं वाटलंय.

ड्राइव्ह-इनसाठी एक सूचना. तिथे दुपारी जा, कृष्णधवल डोक्यात ठेवून. गाड्यांच्या फुटक्या काचांतून आत पडणारे उन्हाचे तुकडे, स्टिअरिंगच्या सावल्या, फाटलेल्या सीटांचा पोत, हे कडक उन्हातच दिसतं. संध्याकाळच्या मऊ उजेडात तेच सगळं गोड होऊन जातं. गुडघ्यावर बसा आणि एका गाडीच्या मागच्या खिडकीतून पुढच्या गाड्या आणि पडदा फ्रेममध्ये घ्या. फुटलेल्या काचा आणि खिळे सगळीकडे असतात, म्हणून बूट जाड तळव्याचे हवेत.

आता मला सर्वांत जास्त तळमळीनं सांगायचंय ते गावातल्या माणसांबद्दल. २०२० च्या जनगणनेत इथे २३१ माणसं होती. यात निवृत्त आहेत, स्वस्त घर शोधत आलेले आहेत, कलावंत आहेत, तीसचाळीस वर्षं इथेच काढलेले आहेत. काही आठवड्याच्या शेवटापुरते असतात, पण बाकीच्यांचं हे रोजचं घर आहे. फोटोंच्या खाली ‘भुताचं गाव’, ‘जग संपल्यानंतरचं दृश्य’ अशा ओळी लिहिल्या जातात त्या मला मनापासून खुपतात. जिथे कुणी सकाळी झाडांना पाणी घालतंय, गोल्फ कार्टमधून शेजाऱ्याकडे निघालंय, तिथे जग संपलेलं नाही. सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढायला अमेरिकेत कायद्याची आडकाठी नाही, हे खरं. तरीही कुणाच्या अंगणावर, खिडकीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर लेन्स रोखण्याआधी आत कुणी राहतंय का ते बघा. पडकं दिसणारं प्रत्येक घर रिकामं नसतं. आणि रिकाम्या घरालाही मालक असतो, उघडं दार म्हणजे आमंत्रण नव्हे.

यावर माझा उपाय साधा आहे. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवून मुख्य गल्ल्यांतून एक फेरी मारायची. जो दिसेल त्याला हात हलवायचा, थांबून दोन शब्द बोलायचे. दुसऱ्या फेरीला तुम्ही अनोळखी राहत नाही. कुणाचा फोटो हवा असेल तर सरळ विचारा, हवा कशासाठी ते सांगा, नाही म्हटलं तर हसून पुढे व्हा. हो म्हटलं तर ईमेल घ्या आणि फोटो खरंच पाठवा. तो न पाठवणाऱ्यांमुळे पुढच्या फोटोग्राफरला नकार मिळतो. दुपारचं खाणं ‘स्की इन’मध्ये घ्या, वेळा आधी बघून. छताभिंतींवर एकेका डॉलरच्या नोटा चिकटवलेला हा जुना बार समुद्रसपाटीच्या सुमारे ६८ मीटर खाली आहे. तिथे टेबलाशी बसून जी माहिती मिळते ती कुठल्याही नकाशावर नसते: काठ कुठे घट्ट आहे, कुठलं नवं काम उभं राहतंय, कुणाला फोटो आवडत नाहीत. आत फोटो काढण्यापूर्वी मात्र विचारा.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलंत. एकटी बाई म्हणून मला या गावात माणसांची भीती वाटलेली नाही, आणि इतकं छोटं गाव असल्यानं कोण आलंय हे सगळ्यांना कळतं, त्याचा उपयोगच होतो. काळजी घ्यायची ती निसर्गाची आणि अंतराची. चार लिटर पाणी गाडीत हवंच, थंडीतही. मोबाईलचं सिग्नल कधी येतं कधी जातं, म्हणून नकाशा आधी डाउनलोड करा आणि कुणाला तरी परतण्याची वेळ सांगून ठेवा. अंधार पडल्यावर काठावर थांबणार असाल तर डोक्याला लावायचा दिवा घ्या, आणि उतरण्याआधीच बांधावरची एखादी खूण ठरवून ठेवा. सपाट पांढऱ्या जमिनीवर रात्री दिशा फार लवकर हरवते.

धूळ गंभीरपणे घ्या. उघड्या पडलेल्या तळात शेतांतून वर्षानुवर्षं वाहून आलेले कीटकनाशकांचे अंश, आर्सेनिक, सेलेनियम आहे आणि वारा ते उडवतो. इम्पीरियल खोऱ्यात मुलांच्या दम्याचा प्रश्न मोठा आहे. एन-९५ मास्क जवळ ठेवा. तुम्हाला दमा असेल तर वाऱ्याचा अंदाज पाहून दिवस बदला, तिथे जाऊन हट्ट करू नका. पाण्यात उतरू नका, पायावर जखम असेल तर चिखलातही नाही. कुजक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तो उन्हाळ्याच्या शेवटाला जास्त असतो, फेब्रुवारीत सहसा सोसवतो.

कागदपत्रांची एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांच्या ध्यानात राहत नाही. हा सीमेजवळचा भाग आहे. दक्षिणेकडच्या नायलंड गावाकडून उत्तरेला येताना हायवे १११ वर बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते. तुम्ही मेक्काच्या बाजूनं येऊन तसंच परतलात तर ती वाटेत येणार नाही, तरीही नागरिकत्व नसेल तर ग्रीन कार्ड, किंवा पासपोर्ट आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद), अस्सल जवळ ठेवा. आणि पूर्वेकडच्या चॉकलेट पर्वतांत लष्कराचं गोळाबाराचं सरावक्षेत्र आहे, चांगल्या कोनाच्या मोहानं तिकडच्या कच्च्या रस्त्यांवर वळू नका.

सूर्यास्तानंतर जमलं तर आठपर्यंत थांबा. फेब्रुवारीत त्या सुमारास मृग नक्षत्र दक्षिणेला उंच आलेलं असतं, खाली व्याध, आणि तळं तुमच्या समोर. वायव्येकडे कोचेला खोऱ्यातल्या शहरांचा उजेड आहे, म्हणून कॅमेरा दक्षिणेकडेच ठेवा. २४ मिमी, एफ २.८, पंधरा सेकंद, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा. चंद्र पाव-अर्धा असेल तर उत्तम, जमिनीवरचं मीठ त्याच्या उजेडात आपोआप उजळतं आणि टॉर्चची गरज पडत नाही.

लेन्स काठावर बदलू नका, गाडीत बसून, दारं बंद करून बदला. घरी पोचल्यावर कितीही झोप आली असली तरी ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून साध्या पाण्यानं धुवा आणि उघडेच वाळवा. सांध्यांत राहिलेलं मीठ काही दिवसांतच स्क्रू धरून ठेवतं. कॅमेऱ्यावर आधी ब्लोअर मारा आणि मगच किंचित ओल्या मऊ कापडानं बाहेरून पुसा. धूळ न उडवता पुसलंत तर ते बारीक कण काचेवर ओरखडे काढतात. बूट दाराबाहेर ठेवा.